जखडलेला खांदा आणि घरातील उपचार
(देवस्थानच्या वार्षिक उत्सवप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या व्यासपीठावरून पुराण, इतिहास, नाट्य अथवा संगीत यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आजचा विषय अगदी घरगुती, किंबहुना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. खांदा दुखणे ही काय व्याख्यानात सांगावयाची गोष्ट, असे कोणाच्या मनात आल्यास त्यात नवल नाही. परंतु देवळात येणाऱ्या माणसाने प्रथम कोणती क्रिया करावी लागते, हे क्षणभर आठवून पाहावे. सभामंडपात पाऊल टाकताच हात वर जातो तो घंटेकडे. ज्याचा हात तेथवर पोहोचत नाही, त्याला या विषयाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

एका महाजन कुटुंबातील एका गृहिणीची हकीकत येथे उपयोगी पडेल. वय पंचावन्नच्या आसपास. घरची पूजेची तयारी, स्वयंपाक आणि नातवंडांचे सारे तीच पाहत असे. एका पावसाळ्यात तिचा डावा खांदा दुखू लागला. पडल्याचे, मार लागल्याचे किंवा जड उचलल्याचे काही निमित्त नव्हते. प्रथम रात्री कूस बदलताना कळ येई. पुढे मागे हात नेऊन पोलक्याचे बंद बांधता येईनासे झाले. त्यानंतर केसांचा अंबाडा घालणे थांबले आणि अंबाडाच नाही म्हणून त्यावर माळायची अबोलीची वेणीही थांबली. तिने हे कोणाला सांगितले नाही. वेणी का माळत नाही असे विचारले की, 'आता या वयात कशाला,' असे म्हणून ती विषय टाळी. आरतीला जाणेही तिने हळूहळू सोडले. घरच्यांना वाटले, हिचे मन उडाले. वस्तुतः मन जागच्या जागी होते. उडाला होता तो खांदा.

या विकाराला इंग्रजीत 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. मराठीत खांदा धरला, आखडला, जखडला असे शब्द रूढ आहेत. त्यांपैकी 'जखडला' हा शब्द विकाराचे स्वरूप सर्वांत नेमके सांगतो. खांद्याचा सांधा म्हणजे एका उथळ खोबणीत बसलेला दंडाच्या हाडाचा गोल माथा. शरीरातील सर्व सांध्यांत अधिकांत अधिक दिशांनी फिरणारा हा सांधा होय. त्याभोवती स्नायुबंधांची एक सैल पिशवी असते. हात खाली असताना ही पिशवी चुण्या पडून लोंबत राहते आणि हात वर गेला की तिच्या चुण्या उलगडतात. या विकारात प्रथम त्या पिशवीला दाह होतो. मग ती जाड होते, आकसते आणि हाडाच्या माथ्याला आवळून धरते. अंगरखा धुतल्यावर आटला की काखेत जसा ताणतो, तद्वत् ही अवस्था असते. हाड शाबूत असते. म्हणून क्ष-किरणांच्या छायाचित्रात बहुधा काहीच दोष दिसत नाही आणि रोगी उगाच कुरकुरतो आहे असा इतरांचा समज होतो.

हा विकार आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अवबाहुक' नावाच्या वातव्याधीचे वर्णन आहे. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तेथील बंधने शुष्क करतो आणि शिरा आकुंचित करतो, असा त्याचा आशय आहे. बंधने आटतात ही कल्पना आजच्या ज्ञानाच्या किती जवळ जाते, हे पाहण्यासारखे आहे. युरोपात १८७२ साली द्युप्ले या फ्रेंच शल्यवैद्याने सांध्याभोवतालच्या ऊतींचा दाह म्हणून त्याचे वर्णन केले. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बॉस्टनच्या कॉडमन या शल्यवैद्याने १९३४ साली रूढ केले. हे दुखणे समजावून सांगणे आणि बरे करणे दोन्ही अवघड, अशी त्याने मोकळी कबुली दिली होती. १९४५ साली नेव्हियासर या अमेरिकन शल्यवैद्याने ती पिशवीच जाड होऊन आकसल्याचे दाखविले. जपानी लोक या दुखण्याला 'पन्नाशीचा खांदा' असेच म्हणतात.

ते नाव अगदी सार्थ आहे. हा विकार बहुतांशी चाळीस ते साठ या वयात येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. सामान्यपणे शंभरांत दोन ते पाच जणांना आयुष्यात केव्हा तरी तो होतो. मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे विकार असणाऱ्यांनाही त्याचा धोका अधिक असतो. हात मोडल्यावर, अर्धांगाच्या झटक्यानंतर किंवा छातीवरील शस्त्रक्रियेनंतर हात दीर्घकाळ निश्चल राहिला, तरीही खांदा जखडतो. अनेकांच्या बाबतीत मात्र कसलेच कारण सापडत नाही. पंख्याचा वारा लागला, पालखीला खांदा दिला, विहिरीचे पाणी ओढले, अशी कारणे घरोघर सांगितली जातात. त्यांवरून कोणी स्वतःला अगर दुसऱ्याला दोष देऊ नये.

विकाराच्या तीन अवस्था मानतात. पहिली अवस्था वेदनेची. ती सुमारे दोन ते नऊ महिने चालते. रात्री दुखणे वाढते आणि हालचाल दिवसेंदिवस कमी होत जाते. दुसरी अवस्था जखडण्याची. ती चार ते बारा महिने राहते. वेदना पुष्कळ ओसरते, परंतु हात वर जात नाही. तिसरी अवस्था सुटण्याची. तिला पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अवधी लागतो. म्हणजे साधारणपणे एक ते तीन वर्षांचे हे प्रकरण आहे. हा आकडा ऐकून धीर खचण्याचे कारण नाही. उलट तो आधी ठाऊक असलेला बरा. महिन्याभरात गुण येत नाही म्हणून चार वैद्य, सहा डॉक्टर आणि दहा मालीशवाले बदलण्याची धावपळ त्यामुळे वाचते. बहुतेकांचा खांदा कामापुरता मोकळा होतो. काहींना थोडा आखूडपणा कायम राहतो आणि काहींचा काही वर्षांनी दुसरा खांदाही धरतो. परंतु सुटलेला खांदा पुन्हा जखडल्याची उदाहरणे विरळ असतात.

खांद्याचे प्रत्येक दुखणे म्हणजे जखडलेला खांदा नव्हे. घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. रोग्याने दोन्ही कोपरे काटकोनात वाकवून बरगड्यांना टेकवावी आणि दोन्ही पंजे एकाच वेळी बाहेरच्या बाजूला उघडावे, जणू कपाटाची दोन दारे उघडावीत तसे. जखडलेल्या बाजूचे दार अर्ध्यावर अडते. मग दुसऱ्या कोणी तोच हात हळूच बाहेर नेऊन पाहावा. तरीही तो तेथेच अडत असेल, तर खांदा जखडला असण्याचा संभव मोठा. स्वतःला हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलल्यास तो सहज वर जातो, अशी स्थिती असेल तर स्नायूची दोरी तुटलेली असू शकते आणि तिचा उपचार निराळा आहे. ही परीक्षा केवळ अंदाजासाठी होय. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

पुढील लक्षणांत मात्र घरी बसून शेक घेत राहणे धोक्याचे आहे. डाव्या खांद्याच्या अगर दंडाच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम अथवा दम लागणे असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. खांदा लाल, गरम व सुजलेला असून ताप असेल. पडल्यानंतर खांद्याचा आकार बदललेला असेल. हाताला मुंग्या, बधिरपणा अगर लुळेपणा आला असेल. वजन विनाकारण घटत असेल. किंवा गाठ लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उजव्या खांद्यात उमटणारी कळ कधी पित्ताशयातूनही आलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष घरातील उपचारांकडे वळू.

पहिला प्रश्न झोपेचा. या विकारात दिवसापेक्षा रात्र वैरी असते. दुखऱ्या कुशीवर निजू नये. उताणे निजल्यास दुखऱ्या दंडाखाली, कोपरापर्यंत पोहोचेल अशी एक उशी ठेवावी, म्हणजे दंड मागे पडून पिशवी ताणली जात नाही. दुसऱ्या कुशीवर निजल्यास छातीजवळ उशी घेऊन तिच्यावर दुखरा हात विसावू द्यावा. उशीचा खर्च शून्य. परंतु पहिल्या अवस्थेत तिच्याइतका गुण दुसऱ्या कशानेही येत नाही, असे अनेकांना वाटते.

दुसरी गोष्ट वस्त्रांची. सदरा अथवा पोलके घालताना दुखरा हात प्रथम बाहीत घालावा आणि उतरविताना तो सर्वांच्या शेवटी काढावा. डोक्यावरून घालावयाच्या कपड्यांपेक्षा पुढे बटणे असलेले कपडे सोयीचे. नित्य लागणारे डबे, तांब्या, देव्हाऱ्यातील उपकरणी वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणून ठेवावीत.

तिसरी गोष्ट शेकाची. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापविलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी कापडावरून दहा-पंधरा मिनिटे फिरवावी. व्यायामापूर्वी असा शेक घेतल्यास सांधा काहीसा सैल होतो. मधुमेह्यांच्या त्वचेला उष्णता नीट कळत नाही. त्यांच्यासाठी शेकाची उष्णता घरातील दुसऱ्या माणसाने आपल्या हातावर पाहून मगच लावावी. काहींना, विशेषतः पहिल्या अवस्थेत, थंड शेक अधिक मानवतो. तोही फडक्यात गुंडाळून घ्यावा. खोबरेल किंवा महानारायण तेल हलक्या हाताने चोळल्यास स्नायूंना विसावा मिळतो. मात्र तेलाने आतली पिशवी सैल होत नाही, हे समजून असावे.

चौथी आणि मुख्य गोष्ट व्यायामाची. त्याचा नियम एकच : ताण जाणवावा, कळ येऊ नये. व्यायामानंतरचे दुखणे अर्ध्या तासात शमले तर प्रमाण योग्य. रात्री ते वाढले तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. एकदाच तासभर झटण्यापेक्षा दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटे करणे हितावह.

(१) लंबक. धड हात टेबलावर टेकून पुढे वाकावे, दुखरा हात सैल लोंबू द्यावा आणि ताटाएवढे वर्तुळ काढीत अंगाच्या झोकाने तो फिरवावा. दहा वेळा उजवीकडून, दहा वेळा डावीकडून. ज्या कॉडमनने या दुखण्याला नाव दिले, त्याच्याच नावाने हा व्यायाम ओळखला जातो. पहिल्या अवस्थेत एवढाच पुरे.

(२) मेजावरची सरक. मेजाशी बसून दुखऱ्या तळव्याखाली फडके ठेवावे आणि अंग पुढे झुकवीत हात मेजावरून पुढे सरकवावा.

(३) भिंतीवरची चढण. भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीच्या पावलांनी वर चढवावीत. जेथवर पोहोचतील तेथे पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी. महिन्याने मागील खूण पाहिली की औषधाहून अधिक धीर येतो.

(४) काठीचा व्यायाम. उताणे निजून दोन्ही कोपरे अंगाशी ठेवावी, दोन्ही हातांत काठी अगर मिटलेली छत्री धरावी आणि धड हाताने दुखरा पंजा हळूहळू बाहेर ढकलावा. बाहेर वळण्याची हालचाल सर्वांआधी हरवते, म्हणून हा व्यायाम टाळू नये.

(५) धड हाताने दुखऱ्या हाताचे कोपर धरून ते छातीवरून पलीकडे न्यावे आणि पंधरा-वीस अंक मोजेपर्यंत तसेच ठेवावे.

(६) पंचाचा व्यायाम. पंचा धड खांद्यावरून पाठीमागे सोडावा, त्याचे खालचे टोक दुखऱ्या हाताने धरावे आणि वरच्या हाताने ते हलकेच वर ओढावे. वेदना ओसरल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्या अवस्थेपूर्वी, हा व्यायाम करू नये.

काय करावे याहून काय करू नये, हे सांगणे अधिक अगत्याचे आहे. आपल्याकडे दोन टोकाच्या चुका होतात. एक, हात गळ्यात बांधून महिनोन् महिने जपणे. त्यामुळे आकसलेली पिशवी अधिकच आकसते. दुसरी, कोणा बळकट माणसाकडून हिसका देऊन हात 'मोकळा' करून घेणे. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात; अशा हिसक्याने दंडाचे हाड मोडू शकते. हळूपणातच शहाणपण आहे याला संशोधनाचाही आधार आहे. नेदरलँड्समध्ये ७७ रोग्यांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेदना सहन करीत जोराचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वेदनेच्या मर्यादेत राहून बेताने हालचाल करणारे अधिक चांगले सुधारले.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. दाह कमी करणाऱ्या काही गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात. रक्तदाबाची अगर रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. वेदना असह्य असेल तर पहिल्या अवस्थेत सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे चांगला आराम देते आणि तेवढ्या अवधीत व्यायाम साधतो. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे. अनेक महिन्यांनीही हात सुटला नाही तर भूल देऊन सांधा मोकळा करणे किंवा दुर्बिणीने पिशवी सोडविणे हे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रोग्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे दोन मार्ग आणि इंजेक्शनसह शिस्तबद्ध व्यायामोपचार यांची तुलना करण्यात आली. एक वर्षानंतर त्यांपैकी कोणताही एक उपचार इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. सबब, शस्त्रक्रियेची घाई करण्याआधी व्यायामाला पुरेशी संधी द्यावी, हे सामान्य माणसालाही पटण्यासारखे आहे.

आता त्या गृहिणीच्या हकीकतीकडे परत येऊ. तिचे दुखणे उघडकीस आले ते सुनेमुळे. एकदा सकाळी सासूबाई एका हाताने केसांशी झटत असलेल्या सुनेच्या दृष्टीस पडल्या. ती काही बोलली नाही. मागे जाऊन बसली आणि तिने केस विंचरून अंबाडा घातला. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले आणि चार महिने लपविलेली गोष्ट त्या एका क्षणात बाहेर पडली. डॉक्टरांनी खांदा तपासला आणि लगेच रक्तातील साखर पाहावयास सांगितली. साखर पुष्कळ वाढलेली निघाली. बाईला मधुमेह आहे, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. खांद्याने कळ देऊन एका मोठ्या शत्रूची वर्दी दिली, असेच म्हणावे लागेल. ज्याचा खांदा कारणाशिवाय जखडला, त्याने एकदा साखर तपासून घ्यावी, हा या हकीकतीचा पहिला बोध.

पुढे पथ्य, औषध आणि व्यायाम सुरू झाले. माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा उमटू लागल्या. नातवाने शाळेतली फूटपट्टी आणून त्यांतील अंतर मोजण्याचे काम आपल्याकडे घेतले. पहिल्या दोन महिन्यांत खूण बोटभरही वर सरकली नाही. एकदा तर ती खाली आली. त्या काळात अंबाडा सुनेने घातला आणि विशेष म्हणजे त्याची वाच्यता कोठेही केली नाही. दीड वर्षाने शेवटची खूण दाराच्या चौकटीच्या वर गेली. हात आजही पाठीमागे पूर्वीइतका जात नाही. पोलक्याचे बंद आता पुढे आले आहेत. परंतु पुढल्या जत्रेला ती बाई अंबाड्यावर स्वतःच्या हाताने वेणी माळून देवळात आली आणि तिने घंटा वाजविली.

दुसरा बोध घरच्या माणसांसाठी आहे. या विकारात बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, छायाचित्रात खोट नाही. अशा वेळी रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हाच पहिला उपचार होय. वडीलधारी मंडळी, त्यातही घरातील स्त्रिया, आपले दुखणे सांगत नाहीत; कोणती नित्याची गोष्ट त्यांनी करावयाची सोडली आहे, हे पाहूनच ते ओळखावे लागते. केस बांधणे, धोतराचा कासोटा मागे खोचणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, यांपैकी काही थांबले असेल तर विचारावे आणि उत्तर टाळले गेले तर पुन्हा विचारावे.

शेवटी समितीला एक नम्र सूचना. आपल्या सभामंडपातील घंटा उंचावर आहे आणि देवळात येणाऱ्या महाजनांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा आहे. त्या घंटेच्या लोलकाला कमरेच्या उंचीपर्यंत येईल अशी एक सुताची दोरी बांधली, तर खर्च काही रुपयांचाच होईल. परंतु ज्यांचे हात वर जात नाहीत अशा कित्येकांना तोंड चुकवून बाजूने आत जावे लागणार नाही. दोरी खालून ओढली काय किंवा लोलक हाताने हलविला काय, घंटेचा नाद तोच उमटतो.

सर्वांना निरामय आयुष्य लाभो, ही प्रार्थना.